गिलाव्याखालचा हात

मी मिसिसिपी नदीकाठची जुनी हवेली बोलतेय. शपथेवर सांगते, यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. माझ्या बारा खांबांची शपथ! म्हणजे... आठ. बारा असं मालकीण सांगायची, तिचीच सवय लागली मला.

"आमच्या पणजोबांनी स्वतः बांधली हो!" मिस कॉर्नीलिया दर वसंतात मला बघायला येणाऱ्या पाहुण्यांना सांगायची. "आणि खांब अस्सल इटलीचे संगमरवरी!"

मला गुदगुल्या व्हायच्या. पणजोबांनी जन्मात पेल्याखेरीज काही उचललं नव्हतं. खांब म्हणजे आत विटा, वर गिलावा. विटा थापल्या त्यांच्या गुलामांनी. त्यांत नऊ वर्षांची टेम्पी होती. तिला विकून न्यू ऑर्लिन्सला धाडलं, त्या सकाळी तिने एका ओल्या विटेवर पंजा दाबला. वीट भाजली, खांबात बसली, वर गिलावा चढला. गुलामी संपल्यावर टेम्पी परतली आणि ही गोष्ट घरच्यांना सांगून गेली.

तिची खापरपणती ओडेसा दर वर्षी यायची. "मॅडम, जरासा टवका काढून बघू? आमच्या टेम्पीचा हात आहे इथे."

"संगमरवराला टवका? काहीतरीच हं, ओडेसा!"

"मग तुमच्या संगमरवराला पोपडे कसे हो धरलेत?"

गेल्या वसंतात तर कहरच! भर दुपारी जाड पडदे ओढून शंभर मेणबत्त्या लावलेल्या. मिस कॉर्नीलियाच्या अंगात पणजीचा झगा, आत पोलादी कड्या, घेर असा की दारातून तिरकं व्हावं लागे. पाहुण्यांसमोर ती ऐटीत गर्रकन वळली, घेराने मेणबत्त्यांचा उंच स्टँड आडवा, आणि पडदे भडकले! माणसं सगळी वाचली. मी मात्र जळाले, खांब तेवढे उरले. झगाही गेला. मालकीणबाई हिरवळीवर आतल्या लेस लावलेल्या विजारीत उभ्या!

सोमवारी ते खांब पाडायला बुलडोझर आला. सात खांब पाडले, हाताचा पत्ता नाही. ओडेसा आठव्याला पाठ लावून उभी राहिली.

"आजी, बाजूला व्हा!" बुलडोझरवाला ओरडला.

"पाच मिनिटं थांब रे बाबा. आम्ही दीडशे वर्षं थांबलोय!"

मी उरलंसुरलं बळ लावून अंग झटकलं. धप्पकन गिलावा निसटला. पंजा! पाच बोटं! ओडेसाने हात ठेवला, तंतोतंत बसला. मिस कॉर्नीलियाही तिथेच होती, ती पुढे आली. मग हळूच म्हणाली, "माझ्या गाडीतून ने ती वीट."

आता मी एवढीच उरलेय, ओडेसाच्या खिडकीतली एक वीट. कधी आलात तर हात लावून बघा.

आणि हो, एक थाप मारली. तो हात तंतोतंत नव्हता बसला. नऊ वर्षांच्या पोरीचा ठसा तो. त्यात ओडेसाची तीनच बोटं मावली. ती मात्र तिने कितीतरी वेळ उचलली नाहीत.