भरतीच्या नवरीचं शेवटचं रीळ

माझ्या बायकोला, ओदिलला, पुरून महिनाही झाला नव्हता, तेव्हा क्लारिसचा फोन आला. ही मुलगी पॅरिसला जुने चित्रपट जपणाऱ्या संस्थेत काम करते. आमच्या तळघरातले फिल्मचे डबे तीच घेऊन गेली होती.

"काका, बाकीची रिळं वाचतील," ती म्हणाली. "शेवटचं गेलं. चिकटून बसलंय. उलगडायला गेलं की तुकडे पडतात."

"कशानं?"

"जुनी फिल्म सडते तशी. आधी व्हिनेगरसारखा वास सुटतो. तुम्हाला कधी आला नाही?"

वास आला होता. आमच्या नॉर्मंडीत तळघरात आंबट वास आला की माणूस एकच समजतो, सफरचंदाची दारू बिघडली. ओदिल नाक मुरडून म्हणायची, "फेर्नां, तुझं पिंप गेलं बघ." मी भरलेलं पिंप अंगणात ओतलं. वास गेला नाही. पुढच्या हिवाळ्यात दुसरं ओतलं. शेजारचा लुसियें कुंपणावरून बघत होता. "गाढवा, चाखून तरी बघायचंस," तो म्हणाला. मी चाखलं नव्हतं. डबे पिंपांच्या मागेच होते.

आम्ही तरुण असताना पॅरिसचा एक दिग्दर्शक आमच्या किनाऱ्यावर भुताचा चित्रपट काढायला आला होता. नाव 'भरतीची नवरी'. त्याच्याकडे पैसे नव्हते, म्हणून गावातलीच माणसं घेतली. ओदिल मासळीच्या दुकानात होती, तिला नवरी केलं. लग्नाच्या दिवशी बुडालेली आणि भरतीबरोबर परत येणारी. लुसियेंचा त्यात दोनदा खून झाला, दुसऱ्या वेळी मिशी लावून. मी ओलं गवत जाळून धुकं करायचो. तिथंच आमचं जमलं. आमच्या लग्नात दिग्दर्शकानं चित्रपटाची एक प्रत भेट दिली.

गावच्या सभागृहात तो एकदाच दाखवला. चित्रीकरणाच्या वेळी आवाज घेतलाच नव्हता, तो नंतर पॅरिसमध्ये दुसऱ्या लोकांकडून भरून घेतला होता. पडद्यावर ओदिलनं तोंड उघडलं आणि कुणा पॅरिसच्या बाईचा नाजूक आवाज आला.

"बघा, मासळीवाली बुडाली आणि बाईसाहेब होऊन वर आली," मागून कुणीतरी म्हणालं. सगळं सभागृह हसलं. शेवटचं रीळ लागायच्या आत ओदिल उठली. मीही उठलो. नंतर तिनं ते डबे कधी उघडू दिले नाहीत.

ती आजारी असताना क्लारिस शोधत घरी आली. जगात एवढीच प्रत उरली आहे, म्हणाली. ओदिलनं तिला बसवलं, लोणी लावलेला पाव दिला आणि म्हणाली, "ने बाई."

क्लारिस निघून गेल्यावर ओदिल मला म्हणाली, "शेवट दिग्दर्शकानं तीन तऱ्हांनी करून घेतला होता. एकदा मी नवऱ्याला पाण्यात ओढून नेते, एकदा सोडून देते, एकदा नुसती बघत उभी राहते. कुठला ठेवला कोण जाणे. मी नसले तर तू बघ."

मी हो म्हटलं होतं.

आता क्लारिस म्हणाली, "रीळ नाही तिथं काळा पडदा ठेवतो आम्ही, आणि पुढे काय घडतं ते त्यावर लिहितो. दिग्दर्शक तर गेले. तुम्ही सांगाल का? एक ओळ पुरे."

मी किनाऱ्यावर होतो. पण तिन्ही वेळा खडकामागे गवत फुंकत होतो आणि धुरानं डोळे मिटले होते. मी लुसियेंकडे गेलो. शेवटच्या प्रसंगात वाळूवर पडलेला नवरा तोच होता.

"मी मेलेला होतो," लुसियें म्हणाला. "डोळे मिटून."

"सभागृहात तरी बघितलंस ना?"

"तुमच्या मागोमाग निघालो. माझी मिशी बघून तर आणखी हसत होते." त्यानं माझ्यापुढे पेला सरकवला. "लिही ना, सोडून दिलं. मी जिवंतच आहे."

"त्यात तुझा खून झालाय."

"मग ओढून नेलं लिही. कोण विचारायला येतंय?"

त्या दिवशी सभागृहात शेवटपर्यंत बसून राहिलेले दोघे गावात अजून आहेत. बेकरीवाली म्हातारी म्हणते, ओढून नेलं. जुना पोस्टमन शपथेवर सांगतो, सोडून दिलं.

मला फक्त ऐकलेलं आठवतं. आवाज घेत नव्हते म्हणून दिग्दर्शक सारखा ओरडत होता, "हळू ये, ओदिल, हळू." आणि पाण्यातून ओदिल ओरडत होती, "पाय बधिर झालेत, मेल्या. तूच ये आणि हळू चालून दाखव. फेर्नां, घोंगडी आण." पांढऱ्या धुरातून तिचा आवाज जवळ येत होता.

हे मी क्लारिसला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "काका, ते चित्रपटात नाही ना."

"नाही," मी म्हटलं.

वसंतात क्लारिसची संस्था तो चित्रपट दाखवणार आहे. ओदिलला मी शेवट बघतो म्हटलं होतं, तो मी बघितलेला नाही. काळ्या पडद्यावरची ओळही अजून दिलेली नाही.