हौसाआजी जिवंत असल्याची बातमी

साप्ताहिक 'खाडीवारा'ची संपादक मी, वार्ताहर मी, जाहिराती गोळा करणारी मी आणि ऑफिसात चहा करणारीही मीच. अख्खं पनवेल हल्ली मोबाईलवर बातम्या वाचतं. वाचतं कसलं डोंबल, अंगठ्याने वर ढकलतं! वाढदिवसाच्या जाहिराती स्टेटसवर गेल्या, श्रद्धांजल्या ग्रुपवर गेल्या. म्हणून हा अंक शेवटचा, असं मी ठरवून टाकलं होतं. अग्रलेख लिहून तयार होता, चांगला झणझणीत. तेवढ्यात हौसाआजी दार ढकलून आत आली.

"मनिषा, छाप," ती म्हणाली. "मी जिती हाय."

"ते दिसतंय, आजी. बस आधी."

"तुला दिसून काय उपेग? पेपरात दिसायला पायजे."

हौसाआजी आमच्या भागातली धवलारीण. म्हणजे आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीची गाणी म्हणणारी. त्या गाण्यांना धवले म्हणतात. गेल्या वर्षी तिचा सत्कार झाला, तेव्हा तिचा फोटो आम्हीच छापला होता. नाकात नथ, गळ्यात हा जाडजूड झेंडूचा हार. आज तिचा वाढदिवस. तिच्या नातवाने, प्रणितने, सकाळी तोच फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमची हौसाआजी' आणि पुढे जोडलेल्या हातांचं चित्र. वाढदिवसाचं लिहायला मात्र ठोंब्या विसरला.

हार घातलेला फोटो आणि जोडलेले हात! पहिल्याने 'ॐ शांती' लिहिलं आणि मग रांगच लागली. प्रणितने घाबरून टाकलं, 'अरे, आजी जिवंत आहे.' त्यावर कोणीतरी उत्तर दिलं, 'हो भावा, ती आपल्या सगळ्यांच्या मनात जिवंत आहे.'

मी पोट धरून हसले असते. पण संध्याकाळी शेजारच्या पळस्प्याला पूर्वी नावाच्या मुलीची हळद होती. पूर्वीच्या आईच्या लग्नात हौसाआजीच गायली होती आणि पूर्वी पाळण्यात असताना 'तुझ्या हळदीला पन मीच' असा शब्द तिने दिला होता. सकाळी आमंत्रणाचा नारळ घेऊन तिला न्यायला माणसं यायची होती, ती आलीच नाहीत. प्रणितने फोन केला, तर पूर्वीचे काका, आनंदाकाका, त्याच्यावरच उखडले. "मयताची मस्करी करतंस?" त्यांनी धवले मोबाईलवरून स्पीकरला लावायचं ठरवून टाकलं होतं.

"मग तू स्वतःच जा ना तिथे," मी म्हटलं.

"नारळाबिगर? धवलारीण हाय मी, आगंतुक नाय!" आजीने टेबलावर थाप मारली. "पोरीला शब्द दिलाय गो. मोबाईलवर कोन पन काय पन टाकतं. छापून आलं की मानतील."

माझ्या पेपरावर एवढा विश्वास माझ्या सख्ख्या नवऱ्याचा नाही. मी अग्रलेख काढून फेकला. प्रेसवाल्या दीपेशला मशीनवरच्या लग्नपत्रिका उतरवायला लावल्या आणि पहिल्या पानावर ठळक मथळा घेतला, 'धवलारीण हौसाबाई घरत ठणठणीत'. फोटो मात्र दुसरा नव्हता. मी त्यातला हार कापायला गेले, तर आजी ओरडली, "हात नको लावू! सत्काराचा हाय तो."

दुपारी प्रणित अंक घेऊन पळस्प्याला गेला. आणि काकांच्या भीतीने तो फाटकावरून आत भिरकावून पळून आला. थोड्या वेळाने ग्रुपवर आनंदाकाकांनी त्याच अंकाचा फोटो टाकला. 'ठणठणीत' नेमकं घडीत गेलेलं. वर 'धवलारीण हौसाबाई घरत', खाली हार. काकांनी लिहिलं होतं, 'आता पेपरात पण आलं. खात्री झाली. भावपूर्ण श्रद्धांजली.'

माझं टाळकंच सरकलं. अरे, घडी तरी उलगडायची! मी उरलेले अंक पिशवीत कोंबले, आजीला स्कूटरवर मागे बसवलं आणि निघाले. "मी मांडवात पाय ठेवनार नाय," ती वाटभर बजावत होती.

पोचलो तेव्हा मांडवात दिवे लागले होते. आजी फाटकाबाहेर स्कूटरवरच बसून राहिली, तोंड फिरवून. आत स्पीकरवर धवला चालू झाला आणि ती ताडकन उठली.

"अगो बाई, यो तर पाठवनीचा! हळद लागायच्या आदी पोरीला सासरी धाडतात का?"

आणि तिथूनच, खड्या आवाजात, तिने हळदीचा धवला धरला.

आत एकच गोंधळ उडाला. "आजीचं रेकॉर्डिंग कोनी लावलं? बंद करा, पोर रडतेय!" आनंदाकाका ओरडले. कोणीतरी स्पीकरची वायर उपटली. पाठवणी थांबली, हळद चालूच राहिली. "जनरेटर बंद करा!" काका किंचाळले. सगळे दिवे गेले. गाणं तरी चालूच.

"आरं मुडद्यांनो," अंधारातून आजी कडाडली, "मी काय बटनावर चालते?"

असल्या शिव्या कुठल्या रेकॉर्डिंगला येणार? दिवे परत लागेपर्यंत पूर्वी धावत फाटकाशी आली होती. रडून डोळे सुजलेले, हातात पूजेच्या ताटातला नारळ. तिने तो आजीच्या ओटीत घातला आणि गळ्यात पडली. आनंदाकाका मात्र लांबूनच आजीचे पाय सरळ आहेत का ते बघत होते.

"चल आजी, आत चल."

"थांब," आजी म्हणाली. तिने माझ्या पिशवीतून एक अंक ओढला. "मला वाचता येत नाय. सकाळपासून माझ्याबद्दल सगळे लिवतात, वाचत कोन नाय. तू वाच."

पूर्वीने घडी उलगडली आणि फाटकातच उभी राहून मोठ्याने वाचलं. मथळा, बातमी, खाली प्रेसचा पत्ता, संपादकाचं नावसुद्धा. सगळा मांडव फाटकाशी गोळा झाला. माझा पेपर असा कोणी शब्द न् शब्द वाचताना मी किती वर्षांनी ऐकत होते!

"आता झाली खात्री," आजी म्हणाली आणि मांडवात शिरली.

गायला बसण्याआधी तिने मला जवळ बोलावलं. प्रणितने तिला शेवटच्या अंकाचं सांगितलं होतं म्हणे, चोंबडा.

"पेपर बंद करतेस?"

"वाचत नाही गं कोणी, आजी."

"नको करू. बघितलंस ना यांचं?" तिने सगळ्या मांडवाकडे बोट दाखवलं. "मी खरंच मेले, तर यांना पटवनार कोन?"