खळीखालचा कागद

मित्रांनो, मी सागवानाचा आहे आणि माझी चाळिशी केव्हाच उलटली आहे. सरकारी कागदात मला सूचना फलक म्हणतात, पण आमच्या कोहळझरी गावात मला या नावानं कधी कुणी हाक मारली नाही. इथे मी नुसता पंचायतीचा फळा. तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून पंचायतीचं कौलारू घर आहे. त्याच्या ओसरीत, पाऊस लागणार नाही अशा जागी, मी चार खिळ्यांवर उभा जन्म काढला.

मला घडवलं कवडू मिस्त्रींनी. खरं तर माझ्या फळ्या त्यांनी स्वतःच्या खाटेसाठी आणल्या होत्या. सरपंचांनी गळ घातली, तेव्हा मिस्त्री आणखी दोन वर्षं जमिनीवर झोपले आणि मी ओसरीत चढलो. खाट झालो असतो तर आयुष्यभर एकाच माणसाचं घोरणं ऐकत बसलो असतो. फळा झालो म्हणून अख्खं गाव माझ्यासमोर येऊन थांबू लागलं. पोलिओच्या डोसाची तारीख, रेशनची यादी, मतदारांची नावं, हरवलेल्या बैलाचं वर्णन, सगळं आधी मला कळायचं आणि मग गावाला. त्या काळी माझा तोरा काही विचारू नका.

आमच्या गावाची एक सवय मात्र सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच घडलं. कोहळझरीत जुना कागद कुणी काढत नाही. पिठाची खळ शिजवायची, जुन्या कागदावर फासायची आणि नवा कागद त्यावर दाबायचा, की झालं काम. पंचायतीचे शिपाई नत्थूजी यांनी हेच केलं, त्यांच्या आधीच्या शिपायानंही हेच केलं. दर वर्षी मी थोडा थोडा जाड होत गेलो.

सत्त्याण्णव साली माझ्या कडेच्या, तोवर कोऱ्या राहिलेल्या लाकडावर एक टंकलिखित कागद लागला. लक्ष्मणरावांना गावात पिठाची गिरणी टाकायची होती आणि कुणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवा, असं त्यावर लिहिलं होतं. लक्ष्मणराव रोज संध्याकाळी यायचे, माझ्यापुढे उभे राहायचे आणि कुणी काही खरडलं तर नाही ना, हे बारकाईनं पाहून जायचे. कुणाचीच हरकत आली नाही. ग्रामसेवकांनी त्याच कागदाखाली शाईनं परवानगी लिहिली, सही केली, गोल शिक्का मारला. गिरणी सुरू झाली. नऊ वर्षांपूर्वी लक्ष्मणराव गेले, तेव्हापासून गिरणीचा पट्टा त्यांच्या पत्नी आनंदाबाई ओढतात. बाई साठीच्या आहेत, अक्षर लावून लावून वाचतात, पण दळणातला खडा आवाजावरून ओळखतात.

मग दोन वर्षांपूर्वी हद्दवाढ झाली. हमरस्त्यावरचं शहर वाढत वाढत आमच्या शिवेपर्यंत आलं आणि एका आदेशानं कोहळझरी शहरात गेली. गाव जागच्या जागी राहिलं, पंचायत तेवढी गेली. दप्तराचे गठ्ठे ट्रॅक्टरमध्ये घालून शहरात नेले. नत्थूजी शहराचे शिपाई झाले आणि ओसरीतच बसू लागले. मी राहिलो, कारण मला उतरवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

गेल्या हिवाळ्यात नत्थूजींनी शहराहून आलेला एक कागद माझ्या बरोबर मधोमध डकवला. बारीक अक्षर, लांबलचक वाक्यं. विकास आराखड्याचा मसुदा होता तो. कोणत्या गटात घरं, कोणत्या गटात दुकानं, कुठे बाग, हे शहरानं ठरवलं होतं. गट क्रमांक एकसष्ट ते चौऱ्याहत्तर हे रहिवास क्षेत्र. त्या क्षेत्रातल्या पिठाच्या गिरण्या, वेल्डिंगची दुकानं आणि लाकूड कटाई यांचे परवाने यापुढे नवे करून मिळणार नाहीत. हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी द्यावी.

आनंदाबाईंची गिरणी गट एकसष्टमध्ये आहे.

नत्थूजींनी कागद वाचला नाही. तीस वर्षं कागद लावणाऱ्या माणसाला कागद वाचायची गरज वाटेनाशी होते, हे मी जवळून पाहिलं आहे. दोन दिवस माझ्यापुढे कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी आनंदाबाई आल्या, हातात खळीचं भगोणं आणि काखेत मोठं रंगीत पत्रक. मारुतीच्या देवळात भागवत सप्ताह बसणार होता. पत्रकावर मारुतीचं चित्र होतं आणि खाली सात दिवसांचा कार्यक्रम.

"नत्थूजी, कुठं लावू?" त्यांनी विचारलं.

"मधातच लावा ना काकू. तो साहेबाचा कागद हाय, देवापेक्षा मोठा हाय का तो?"

आनंदाबाईंनी खळ फासली. ती खळ त्यांच्याच गिरणीतल्या गव्हाच्या पिठाची होती, घट्ट आणि गुळगुळीत. आपल्याच गिरणीच्या बंदीच्या हुकमावर त्यांनी स्वतःच्या तळहातानं मारुतीराया दाबून बसवला आणि दोन पावलं मागे सरून नमस्कार केला.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण लाकूड फक्त उन्हानं तडकतं, तेही त्याच्या मर्जीनं नाही.

सप्ताहाच्या पत्रकाला आमच्याकडे काला होईपर्यंत हात लावत नाहीत. देवाचं चित्र असलेला कागद फाडणं तर फार लांबची गोष्ट. काल्याचा दिवस पत्रकावर छापलेलाच होता. मी रोज हिशेब करत होतो आणि रोज तो एकच येत होता. पत्रक उतरेल तो बत्तिसावा दिवस असेल आणि मुदत तिसाव्याला संपेल.

दहावा दिवस गेला. पंधरावा गेला. आनंदाबाई रोज सकाळी गिरणी उघडायला जाताना माझ्यापुढे थांबायच्या, चपला बाजूला काढायच्या आणि पत्रकाला हात लावून तो कपाळाला न्यायच्या. त्यांची बोटं नेमकी त्या जागी टेकायची, जिथे खाली एकसष्ट हा आकडा होता. मला त्या बाईंचा फार राग यायचा आणि त्याहून जास्त कळवळा यायचा. विसाव्या दिवशी पत्रकाचा एक कोपरा सुटला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. दुपारी त्यांनी बोटभर खळ आणून तो पुन्हा चिकटवला.

एकोणतिसाव्या दिवशी त्यांची सून आकांक्षा गिरणीचा परवाना नवा करायला शहरात गेली होती. ती परतली तेव्हा ऊन कलतं होतं. देवळात पोथी चालू होती आणि नत्थूजी ओसरीत सुपारी कातरत बसले होते. आकांक्षा तडक माझ्यापुढे आली.

"काका, आराखड्याची नोटीस कुठं हाय?"

"कायची नोटीस?"

"तिथले बाबू म्हणे, तुमच्या गावच्या फळ्यावर महिना झाला लावून. आपला गट रहिवासीत टाकला, परवाना भेटत नाई. हरकतीचा उद्या शेवटचा दिवस हाय."

नत्थूजींच्या हातातला अडकित्ता थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मारुतीकडे पाहिलं. आकांक्षाला तेवढ्यानंच कळलं. तिनं पत्रकाच्या कोपऱ्याला नख लावलं.

नत्थूजी धडपडत उठले. "थांब पोरी. सप्ता सुरू हाय. देवाचा फोटो फाडतं का? गाव काय म्हणन?"

"मंग गिरणी बंद पडू देऊ?"

तेवढ्यात पोथीवरून आनंदाबाई आल्या. सुनेनं दोन वाक्यांत सगळं सांगितलं. बाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. आपण काय करून बसलो, हे त्यांना समजलं होतं आणि ते समजताना मी त्यांच्या अगदी समोर होतो. मला वाटलं, आता या रडतील किंवा नत्थूजींवर तुटून पडतील. दोन्ही झालं नाही.

"फाडाचं काऊन?" त्या हळूच म्हणाल्या. "खळ माह्या हातची हाय. कोमट पाणी मागते ते."

त्यांनी घरून तांब्याभर कोमट पाणी आणलं. आधी हात जोडले. मग पदराचं टोक भिजवून पत्रकाच्या चारही कडा ओल्या केल्या, पुन्हा केल्या, आणि थांबल्या. पाणी मुरायला वेळ लागतो. मग वरच्या दोन कोपऱ्यांना धरून त्यांनी मारुती अख्खाच्या अख्खा खाली उतरवला, कुठेही न फाटता, आणि नत्थूजींच्या दोन्ही हातांवर ठेवला.

"भिंतीले लावजा. वाळला की देवळात लावू."

खालची नोटीस ओली झाली होती, पण वाचता येत होती. आकांक्षानं मोठ्यानं वाचली. एकसष्ट हा आकडा आला तेव्हा सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सासू-सुना पहिल्या एसटीनं गेल्या. मी भिंतीवर आणि त्या शहरात, तो दिवस मला फार लांब गेला. संध्याकाळी आनंदाबाई माझ्यापुढून गेल्या, त्यांच्या हातात अर्जाची पोच होती. नत्थूजींनी ती दोनदा वाचली. महिन्याभरात त्यांनी वाचलेला तो पहिला कागद असावा.

पण पोच म्हणजे निकाल नव्हे. तीन आठवड्यांनी सुनावणीचं पत्र आलं. हद्दवाढीच्या आधीपासून गिरणी परवानगीनं चालू होती, याचा पुरावा आणा. लक्ष्मणरावांकडची प्रत ट्रंकेत वाळवीनं खाल्लेली निघाली. पंचायतीच्या दप्तरात असेल म्हणून आकांक्षा तीनदा शहरात गेली. गठ्ठे सापडत नाहीत, हे एकच उत्तर तिन्ही वेळा मिळालं.

सुनावणीच्या आदल्या सकाळी आनंदाबाई रिकाम्या हातानं येऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या. मारुती उतरवला त्या दिवशी पाण्यानं माझ्या कडेचे थर सुटले होते. मारुतीखाली नोटीस, नोटिशीखाली मतदारयादी, तिच्याखाली पोलिओ, असे कागदांचे पदर तिथे उघडे पडले होते. बाई ते पाहत राहिल्या.

"नत्थूजी, आमच्या ह्यायच्या गिरणीचा कागद याच फळ्यावर लागला होता ना?"

"लागला होता."

"मंग तो कोणी काढला?"

नत्थूजी वाकून माझी कड पाहू लागले. आमच्या गावात कागद कोण काढतं?

पुन्हा कोमट पाणी आलं. मित्रांनो, पंचवीस वर्षांहून जास्त अंगावर चढलेलं एकेक वर्ष उतरताना कसं वाटतं, ते मी काय सांगू. निवडणुका उतरल्या, हरवलेला बैल उतरला. दुपार होईपर्यंत सर्वात खालचा पिवळा कागद दिसू लागला. टंकलेली अक्षरं, खाली निळी शाई, गोल शिक्का. आनंदाबाईंनी चष्मा लावून एकेक अक्षर जोडत वाचलं. लक्ष्मणराव या नावाशी त्या अडल्या. तेवढं एक नाव त्यांनी मोठ्यानं वाचलं नाही, फक्त त्यावर बोट ठेवलं. मग त्या रडल्या, आणि कुणी त्यांना थांबवलं नाही.

अडचण एकच उरली होती. तो कागद माझ्यापासून सुटेना. इतक्या वर्षांत तो लाकडातच मुरला होता. कोपरा उचलला तर भुगा होऊन हाती येऊ लागला.

"राहू द्या," आनंदाबाई म्हणाल्या. "कागद येत नाई तर फळाच नेऊ."

नत्थूजींनी खिळे उपसले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी भिंतीवरून उतरलो. दुसऱ्या दिवशी गव्हाच्या पोत्यांना टेकून, मालवाहू ऑटोतून मी शहरात गेलो. सुनावणीच्या खोलीत सासू-सुनांनी मला टेबलावर ठेवलं, तेव्हा तिथले बाबू हसले. साहेब हसले नाहीत. ते उठून माझ्यावर वाकले. त्यांनी कागद वाचला, सही पाहिली, शिक्का पाहिला.

"हा इतकी वर्षं टिकला कसा?" त्यांनी विचारलं.

"साहेब, आमच्या गावात कोणी कागद काढत नाई," आनंदाबाई म्हणाल्या. "वाचतही नाई. ते चुकलं आमचं."

साहेबांनी माझे फोटो काढून घेतले, माझ्यावरचा मजकूर उतरवून घ्यायला लावला आणि शेजारी माझी मापंही लिहिली. वीस दिवसांनी आदेश आला. गिरणी पूर्वीपासूनची आहे, ती चालू राहील, परवाना नवा करून द्यावा.

आता ओसरीत काचेचा, कुलपाचा नवा फलक आहे. मला पुन्हा भिंतीवर घेतलं नाही, आणि सुरुवातीला याचं वाईट वाटलं. आता मी गिरणीत असतो, दळणाच्या डब्यांच्या मागे. पीठ उडून माझ्यावर बसतं आणि आनंदाबाई रोज संध्याकाळी ते ओल्या फडक्यानं पुसतात. पिवळ्या कागदावरून मात्र कोरडं फडकं, तेही हलक्या हातानं.

परवा नत्थूजी गिरणीत आले. भजनी मंडळाचं पत्रक त्यांच्या हातात होतं. चार लोकांना दिसेल म्हणून ते माझ्यावर लावायचं होतं आणि भगोण्यात खळ तयार होती. त्यांनी कुंचला बुडवला. तुम्हीही कधी कुठे कागद चिकटवायला जाल, मित्रांनो, तेव्हा आनंदाबाई जे म्हणाल्या तेवढं लक्षात ठेवा. त्यांनी गिरणी बंद केली, आवाज शांत होऊ दिला, आणि म्हणाल्या,

"नत्थूजी, खालचं वाचलं का आधी?"