सात आणि पाच

मुखिया कापांडांनी म्हातारपणी पहिलीत नाव घातलं, तेव्हा अख्ख्या गावाला आनंद झाला. एकट्या एनेलेसीबाईंना झाला नाही, कारण पहिलीचा वर्ग त्यांचा होता. मुखियापेक्षा उंच कुणी बसायचं नाही, हा गावचा रिवाज. मुखिया पोरांबरोबर चटईवर बसले, म्हणून बाई जमिनीवर बसून शिकवू लागल्या. फळा उतरवून भिंतीला टेकवला. पोरं तर जवळजवळ आडवीच झाली.

तरी निभत होतं. मुखिया मन लावून अक्षरं गिरवत. मग बेरीज आली.

"सात आणि पाच किती?"

मुखियांनी बोटं चाळवली, छताकडे पाहिलं. "अकरा."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. मुखिया बोलले की टाळ्या वाजवायच्या, हाही रिवाजच.

"मुखियासाहेब, पुन्हा एकदा मोजता का?"

"मी एकदा बोललो की बोललो, बाई."

मधल्या सुट्टीत हेडमास्तर माकोन्डेत्सा पोरांची मक्याची लापशी ढवळत होते. त्यांनी बाईंचं गाऱ्हाणं शांतपणे ऐकून घेतलं. "मग अकरा धरा. एका बेरजेनं काय बिघडतंय?"

"उद्या पोरं दुसऱ्या गावी गेली म्हणजे?"

"तिथला मुखिया सांगेल तितके."

बघता बघता अकरा गावभर झालं. सुताराने चौथीसाठी सात लांब आणि पाच आखूड बाकं कबूल केली होती. त्याने अकरा आणून टाकली आणि वर बाईंकडेच रोखून पाहिलं. त्या रात्री बाईंनी मक्याचे सात आणि पाच दाणे पुन्हा पुन्हा मोजून पाहिले. आपणच चुकत असू, असंही त्यांना क्षणभर वाटून गेलं.

शेवटी त्या नाफिरीकडे गेल्या. नाफिरी ही मुखियांची थोरली बहीण. मुखियाला गादीवर बसवते ती बहीण, आणि खाली खेचू शकते तीही बहीणच. बाईंनी अंगणात गुडघे टेकून सगळं सांगितलं. म्हातारी भुईमूग सोलायची थांबली.

"अकरा म्हणाला? हा लहानपणापासून सगळं कमीच मोजतो. चल."

ती तरातरा वर्गात आली आणि दारातूनच भावाला म्हणाली, "मेल्या, सात आणि पाच तेरा होतात."

बाईंनी डोळे मिटून घेतले.

भावाबहिणीचं असं जुंपलं की पोरांना लवकर घरी सोडावं लागलं. दुसऱ्या दिवशी उंबराखाली पंच बसले. अकरावाले एका बाजूला, तेरावाले दुसऱ्या बाजूला. हेडमास्तर मधोमध उभे. बाई काही बोलायला उठल्या, तसं ते कुजबुजले, "बसा हो बाई. शिकलेल्या माणसानं घरगुती भांडणात पडू नये."

पंचांनी तंबाखू मळली, भरपूर विचार केला. मग सगळ्यांत म्हातारा पंच खाकरून म्हणाला, "मुखियाचा शब्द खाली पडता कामा नये, थोरलीचाही मान राहिला पाहिजे. त्यानं एक वाढवावा, तिनं एक सोडावा. बारा."

भावाबहिणीने कुरकुरत मान डोलावली. टाळ्या झाल्या. सर्वांत जास्त वेळ एनेलेसीबाई वाजवत होत्या.

"बघा बाई," घरी जाता जाता मुखिया त्यांना म्हणाले, "दोघांनी थोडं थोडं सोडलं की सगळं जमतं. हे पोरांना शिकवत चला."

"शिकवीन," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाफिरीही पहिलीत येऊन बसली. भावावर लक्ष ठेवायला, म्हणाली. वेळापत्रकात वजाबाकी होती. बाईंनी खडू उचलला, दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पोरांना गाणं म्हणायला लावलं.