बाकावरची पाकोळी

मी एका जुन्या ताटलीचा तुकडा आहे. तळहातात मावेन एवढाच. माझ्यावर निळी पाकोळी, उडता पक्षी, रंगवलेली आहे. मित्रांनो, पाकोळी! मासा नव्हे. अख्खं बार्सिलोना मला मासा म्हणत आलंय, म्हणून आधीच सांगून टाकतो.

मी मूळचा तेक्लाच्या लग्नातल्या ताटलीचा. एका रविवारी भात वाढताना ती तिच्या हातून निसटली, आणि तेक्ला बिचारी धाय मोकलून रडली. तिचा नवरा बाल्दिरी गवंडी होता. टेकडीवरच्या बागेत एका नामांकित वास्तुशिल्पकाराच्या नागमोडी बाकावर तो फुटक्या फरशांचे तुकडे बसवायचा.

"रडू नकोस गं. आमच्या साहेबांना फुटकंच लागतं," असं म्हणून त्यानं मला खिशात टाकलं.

बाकाच्या मागे परांचीवर उभं राहून, त्याच्या पाठीवरून पुढे वाकून त्यानं मला ओल्या चुन्यात दाबलं. त्याला पाकोळी सरळ दिसली. समोरून बघणाऱ्यांना मात्र उलटी! दुभंगलेली शेपटी वर, डोकं खाली. झाला मासा! मी वर्षानुवर्षं ऊन खाल्लं, लोकांच्या पाठी टेकवून घेतल्या आणि हे नाव मुकाट्यानं ऐकलं.

परवा तेक्लाच्या दोन नाती आल्या. थोरली रेमेई, ऐंशीची. धाकटी अस्सुम्ता. रेमेईची नजर चाललीय; हिवाळ्यापर्यंत काही दिसणार नाही, असं डॉक्टर म्हणालेत. त्याआधी त्या वास्तुशिल्पकाराच्या सगळ्या इमारती डोळे भरून बघायच्या आणि शेवटी आजी सांगायची ती तिच्या ताटलीची पाकोळी या बाकावर शोधायची, हा तिचा हट्ट.

"ताई, सकाळपासून तीन घरं आणि एक चर्च झालं. माझ्या पायांचे तुकडे पडलेत. तेच बसव आता या बाकावर!"

"गप गं. नीट बघ. निळी पाकोळी."

"कुठली पाकोळी? इथं एक मासा आहे फक्त. लठ्ठ."

लठ्ठ! तेक्लाची नात वीतभर अंतरावर, आणि मला मेल्याला तोंड नाही. जीव नुसता तुटत होता.

रेमेईनं पिशवी उचलली. "आजीनं आपलं मन राखायलाच ती पाकोळीची गोष्ट सांगितली असेल," ती म्हणाली.

"थांब जरा, बुटात खडा गेलाय." अस्सुम्ता कण्हत उठली, माझ्याकडे पाठ करून वाकली, आणि दोन पायांमधून तिची नजर माझ्यावर पडली.

"अगं बाई! ताई, मासा उडतोय!"

रेमेई आधी गोंधळली. मग तिनं कपाळावर हात मारून घेतला. "आजोबा मागून वाकून लावायचे ना! त्यांना सरळ, आपल्याला उलटी. आणि लहानपणी आपण दर वेळी हिच्यावरच पाठ टेकून पाव खाल्लाय!"

दोघी हसता हसता रडल्या. मग रेमेईनं मला अगदी नाकाशी धरल्यासारखं पाहिलं. डोळे मिटून माझी कड बोटानं चाचपली, पुन्हा पुन्हा, पाठ होईपर्यंत. "आजी, सापडली गं," ती म्हणाली.

बाल्दिरीच्या चुकलेल्या हाताला मी माफ केलंय, आणि त्या खड्याचे तर माझ्यावर फार उपकार आहेत. मित्रांनो, तुम्हीही या, खुशाल टेकून बसा. मासा म्हणालात तरी चालेल. फक्त किल्ल्या नि पिशव्यांच्या कड्या माझ्यावर घासू नका. हिवाळ्यात रेमेई परत येणार आहे, आणि माझी कड झिजली तर तिच्या बोटांना मी ओळखू येणार नाही.