एकदाच फुलणारा हिंग

मी एक जुना हिंग आहे, मित्रांनो. डबीतला नव्हे, दूरदेशी वाळवंटाच्या कडेला असलेल्या नुराताऊच्या डोंगरावर मातीत उभा असलेला. आता माझा दांडा वाळला आहे. पुढच्या थंडीत तो मोडून पडेल, म्हणून सांगायचे ते आजच सांगून घेतो.

एका दगडाच्या आडोशाला माझे बी रुजले. आमच्याकडे वसंत फार तर दोन महिन्यांचा. बर्फ वितळले की रानबदाम, ट्युलिप, गवत सगळे घाईघाईने हिरवे होते. मग खालच्या वाळवंटातून ऊन चढते आणि सगळे करपते. मीही दर वसंतात पाने पसरायचो, मिळेल ते मुळात साठवायचो आणि उन्हाळ्यात मातीआड जायचो. अशी आठ वर्षे गेली. मूळ माणसाच्या मांडीएवढे झाले. आम्ही हिंग जन्मात एकदाच फुलतो आणि बी धरले की मरतो.

पण आमच्या मुळाचा चीक वाळवला की तुमच्या डबीतला हिंग होतो, आणि तो चीक काढणारे फुलण्याआधीच येतात; सगळा चीक गेला की आम्ही न फुलताच मरतो. माझ्याकडे नोरबोता आला. साठीचा माणूस, हाताने सफाईदार. त्याने माझ्या मानेभोवतीची माती उकरली आणि सुरी लावली. पांढरा चीक ओघळला. तेवढ्यात शेळ्या घेऊन त्याची ओपा, म्हणजे थोरली बहीण, उलमास वर आली.

"थांब जरा," ती म्हणाली. "या उतारावर दुसरा हिंग दाखव बघू."

"असेल की पलीकडे."

"पलीकडूनच येतेय मी. नुसते खड्डे आहेत, तुझ्या हातचे."

"माझ्या एकट्याच्या नाहीत, ओपा. खालच्या गावचेही येतात. मी सोडला तर उद्या ते नेतील."

"बाबा दर उतारावर पाच-सहा हिंग बियांसाठी राखायचे. तू किती राखलेस?"

नोरबोताने सुरीचे पाते पुसले. मग त्याने माती परत लोटली.

"वासावरून कुणीही शोधून काढेल याला," तो पुटपुटला.

"वास तुझ्याच हातांना येतोय. तू घरी चल, म्हणजे याचा ठावठिकाणा कुणाला लागायचा नाही."

जाताना त्याने शेळ्या येऊ नयेत म्हणून माझ्याभोवती काटे रचले.

पुढच्या वसंतात माझी पाने वर आली, तसे दोन परके चीकवाले येऊन ठेपले. नोरबोता तिथेच बसला होता. त्याने शांतपणे मातीतली माझी जुनी चीर उघडी करून दाखवली.

"गेल्या वर्षीच पिळून घेतलाय मी. आता काय राहिलंय त्यात?"

त्यांनी चीर पाहिली आणि वाट धरली. त्या सुरीचा मला फार राग होता, मित्रांनो. त्या दिवशी तो राग गेला.

आणि मी फुललो. पुरुषभर उंच दांडा, त्यावर पिवळ्या फुलांचे झुबके. मधमाश्या दिवसभर हटेनात. उलमास रोज येऊन नुसती बघत बसायची.

बी पिकले, तेव्हा नोरबोताने ते टोपीत झाडून घेतले आणि उलमासबरोबर तो पलीकडच्या उतारावर गेला. प्रत्येक खड्ड्यात चार दाणे टाकून तो वर टाचेने माती दाबू लागला.

"हे फुलतील तेव्हा मी सत्तरीचा होईन," तो म्हणाला.

"मग? सत्तरीत डोळे नसतात का माणसाला?" उलमास म्हणाली आणि पुढच्या खड्ड्याकडे वळली.

मित्रांनो, तुमच्या आमटीच्या फोडणीत चिमूटभर हिंग पडतो, तो आमच्यातल्या कोणीतरी फुलायच्या आधी दिलेला असतो. तो आनंदाने घ्या. पण डोंगरावरून काहीही आणताना चार झाडे तिथेच राहू द्या. आम्हाला एकदा तरी फुलायचे असते.