पिवळ्या हत्तीच्या दुकानातला मलिदा

इस्राएलातल्या नेतिवोत गावी हत्ती आला त्या दिवसाची गोष्ट तिथले लोक अजून सांगतात. हत्ती प्लास्टिकचा, पिवळाधमक, पण अंगाने असा की ट्रकवरून उतरवताना त्याची सोंड विजेच्या तारेत अडकली आणि अर्ध्या गावाचे पंखे बंद पडले. येशिवातली, म्हणजे धर्मपाठशाळेतली, पोरं पोथ्या मिटून धावत सुटली. एका आजोबांनी, हत्ती दिसला की म्हणायचा असतो तो आशीर्वाद घाईघाईने म्हणून टाकला. मग जवळ जाऊन टिचकी मारली तर आतून डब्यासारखा आवाज! देवाचं नाव फुकट घेतलं म्हणून बिचाऱ्यांनी त्या दिवशी उपास धरला.

हत्तीच्या पायांशी घामाने निथळत मनाशे झिराडकर उभा होता. मुंबईहून आल्यापासूनची सारी उमर त्याने गावाबाहेरच्या टॉवेलांच्या कारखान्यात घालवली. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा जे काही हातावर पडलं, ते सगळं त्याने या हत्तीच्या सोंडेत घातलं. कंपनीचं नाव 'पिवळा हत्ती'. तेल अवीवची. थाई जेवण डब्यात भरून विकायची, आणि ज्याला उद्योगाची खाज असेल त्याला आपलं नाव, आपले रस्से आणि आपला हत्ती वापरायला द्यायची.

आता मनाशेला थाई जेवणाचं वेड होतं म्हणाल, तर छे! नूडल्स बघितल्या की त्याला लहानपणीचे जंत आठवायचे. त्याला हवा होता एल्दाद.

एल्दाद त्याचा एकुलता एक. सैन्यातून सुटला तो तडक देशाच्या दक्षिण टोकाला, एलातला गेला आणि समुद्रकाठच्या एका हॉटेलात थाई स्वैपाक शिकला. घरी यायचा पेसाखला, तेही अर्धा सण झोपून काढायला. दक्षिणेकडून येणारी बस थांबली की जेमायमा, त्याची आई, खिडकीशी जाई. बस भाजीवाल्याच्या दारात थांबते, त्यात एल्दाद कुठून असणार? तरी जाई. ते बघून बघून एक दिवस मनाशेने फोन उचलला.

"बाबा रे, तुझ्याच कामाचं दुकान काढतो. तू चुलीशी, मी गल्ल्यावर. येतोस?"

मनाशे मराठीत बोलला की एल्दाद हिब्रूत उत्तर द्यायचा, हा त्या घराचा रिवाजच. "अबा, नेतिवोतमध्ये थाई? तिथे कुसकुस सोडून दुसऱ्या कशाला लोक जेवण म्हणतात का?"

"म्हणतील. तू ये तर खरा."

पलीकडे समुद्राचा आवाज येत होता. मग एल्दाद म्हणाला, "आत्ता येतो तो सुकोथच्या सणापर्यंत. तोवर हॉटेलवाले माझी जागा धरून ठेवतील. दुकान चाललं तर राहीन. नाही चाललं तर मला ओढू नकोस, अबा. कबूल?"

"कबूल," मनाशे म्हणाला, आणि फोन ठेवून बायकोला म्हणाला, "आला समज."

कंपनीचा माणूस यिगाल. वय कोवळं, डोक्यावर चढवलेला काळा चष्मा, आणि सैन्यानंतर थायलंडात काही महिने उनाडलेला, म्हणून त्या देशाचा पंडित. त्याने रस्से आणले ते रंगाच्या बादल्यांतून. एक तांबडा, एक हिरवा, एक पिवळा. एल्दादने तिन्हीत बोट बुडवून चाटलं.

"तिन्ही एकच आहेत," तो म्हणाला.

"रंग बघ ना पण," यिगाल म्हणाला. "आणि नियम एकच. कंपनीच्या यादीबाहेरचं दुकानात काही विकायचं नाही. एक कोथिंबिरीची काडीसुद्धा नाही."

कोषेरचं, म्हणजे धर्माला चालणाऱ्या अन्नाचं, प्रमाणपत्र भिंतीवर लागलं, हत्ती धुऊन झाला, आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी जेमायमाने पोह्यांची पिशवी काढली.

"हे काय गं?"

"काय म्हणजे? नवं काम, नि मलिदा नको? मुंबईत आपण शिवणाचं मशीन आणलं तेव्हासुद्धा केला होता."

कोकणातल्या बेने इस्राएलांना, म्हणजे मराठी यहुद्यांना, हे सांगायला नको, पण नेतिवोतला सांगावं लागलं. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं. ते ताट पुढे ठेवून एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं गाणं म्हणायचं. कुणाचं लग्न असो, कुणी आजारातून उठो, कुणी गावाला निघो, नबीचं ताट आधी. आणि प्रार्थना झाली की जो समोर असेल त्याच्या हातावर घास. त्यात आपला-परका नाही.

यिगालने ताट बघितलं आणि चष्मा खाली ओढला. "हे यादीत नाही."

"यादीबाहेरचं विकायचं नाही म्हणालास ना, बेटा?" जेमायमा म्हणाली. "आम्ही विकतोय कुठे? खा."

त्याने खाल्लं. बोटंही चाटली.

उद्घाटनाला आसपासच्या, मोरोक्कोतून येऊन वसलेल्या साऱ्या यहुदी बायका आल्या. त्यांत मसूदा, वरच्या मजल्यावरची विधवा. ती गुडघा धरधरून जिना उतरायची, आणि प्रत्येक पायरीला वेगळी शिवी ठरलेली. तिने मलिद्याचा घास घेतला, 'एलियाहू' हे नाव ऐकलं, डोळे मिटले आणि पुटपुटली, "बरकत." त्या गावात एका साधूपुरुषाची कबर आहे, तिथे नवस कसा करायचा आणि प्रसाद कसा घ्यायचा, हे तिला तुम्ही-आम्ही शिकवायला नको.

दुसऱ्या दिवशी मसूदा जिना उतरली ती शिवी न देता.

झालं! संध्याकाळपर्यंत गावभर बातमी. कुणी म्हणे म्हातारी धावली, कुणी म्हणे नाचली. आठवडा उलटायच्या आत, जिला बघायला आलेले सगळे नवरदेव पळून गेले होते त्या पोरीचं लग्न ठरलं. एका टॅक्सीवाल्याने स्टिअरिंगला मलिदा फासला, तर त्याची गाडी म्हणे पेट्रोलावाचून बीरशेबा शहरापर्यंत गेली. परत येताना लागलं पेट्रोल, पण तो म्हणतो तेव्हा त्याने बायकोला शिवी दिली होती.

'पिवळ्या हत्ती'समोर रांग लागली. ती हत्तीला वळसा घालून, न्हाव्याच्या दुकानावरून, थेट पोस्टापर्यंत. लोक आत येत, तळहात पुढे करत, घास घेत, डोळ्यांना लावत. आणि बाहेर पडताना नूडल्सच्या परातींकडे अशा अदबीने बघत, की जसे परक्याच्या लग्नाचे फोटो बघावेत.

"एखादा डबा बांधू का?" मनाशे विचारी.

"देव तुमचं भलं करो," ते म्हणत आणि जात.

खरे थाई गिऱ्हाईकही एकदा आले. जवळच्या मोशावात, म्हणजे सहकारी शेतवस्तीत, टोमॅटोच्या शेतात कामाला असलेली चार माणसं. त्यांना सुट्टी शनिवारी, आणि शनिवारी शाबाथच्या विश्रांतीमुळे हत्तीसकट सगळं बंद. म्हणून बिचारे मालकाची मनधरणी करून मधल्या वारी आले. तांबडा रस्सा चाखला. एकमेकांत बोलले. मग त्यातल्या एकाने मोडक्या हिब्रूत फार नम्रपणे विचारलं, की हे जेवण कुठल्या देशाचं आहे? एल्दाद आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"इमा, बस कर ते," त्याने शेवटी आईला सांगितलं. "फुकटचं मिळतंय तोवर विकतचं कोण खाईल?"

"नबीच्या नावाने हात पुढे आला तर मी काय लोटून देऊ?"

"मग मला का बोलावलंत? पोहे भिजवायला?"

मनाशेने गल्ला उघडला, आत बघितलं, बंद केला. त्याला आता ती सवयच लागली होती.

सण जवळ आले तसा यिगाल तपासणीला आला. पोस्टापासून रांग बघून त्याने गाडी रस्त्याच्या मधोमधच सोडली. "मनाशे! तेल अवीवला अशी रांग नाही! मुख्य कचेरीला फोटो पाठवतो!" मग तो आत आला, आणि त्यानेही गल्ला उघडून बघितला.

गल्ला बंद करून तो वळला. ताटाकडे बघत राहिला.

"विका," तो म्हणाला.

"काय?"

"हेच. डब्यात भरा, हत्तीचं चित्र लावा. 'बँकॉकचा गोड भात'. कचेरीची परवानगी मी आणतो. अहो, देवाने गिऱ्हाईक दारात उभं केलंय आणि तुम्ही त्याच्या हातावर फुकट वाढताय!"

जेमायमाने हात पुसायला पदराकडे नेले. साडी नेसणं सोडून तिला किती वर्षं झाली होती, तरी रागावली की ती पदरच शोधायची. सापडला ओढणीसारखा बांधलेला रुमाल. "मलिदा विकायचा? उद्या शाबाथच्या मेणबत्त्याही भाड्याने द्याल."

"जेमायमा, ऐक तरी," मनाशे म्हणाला.

"काय ऐकू? ते ताट आपलं नाही हो. ज्याचं आहे त्याला विचारा."

त्या दिवशी हॉटेलातून फोन आला. एल्दाद हिब्रूत दोनच शब्द बोलला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"सुकोथ संपला की लगेच ये म्हणतात. नाहीतर दुसरा घेतील."

मनाशे म्हणाला, "तुला काय वाटतं रे? ते विकायचं?"

एल्दादने खांदे उडवले. "विकलं जाणारं एवढंच आहे, अबा."

आता मनाशे काही पापी माणूस नव्हता. पण कोकणी डोकं. ते अडचणीत सापडलं की देवाशीसुद्धा वकिली करतं. त्याने विचार केला: मलिदा मलिदा कशाने होतो? गाण्याने, प्रार्थनेने. ती म्हटलीच नाही, तर उरले ते पोहे. पोहे विकायला काय हरकत? नबीला त्यात बोलावलंच नाही, तर नबीचा अपमान कसला?

सण संपल्यावर पहिल्या सकाळी तो एकटाच दुकानात आला. स्वतः नारळ खवले, स्वतः पोहे भिजवले. इतकी वर्षं तोंडात बसलेलं गाणं आपोआप ओठांवर येई, तेव्हा तो मुद्दाम खोकायचा. खोकून खोकून घसा बसला. डबे भरले, हत्तीची चिठ्ठी चिकटवली आणि रांगेने काचेत मांडले. किंमत लावली ती नूडल्सच्या निम्मी. काय वाईट?

जेमायमा घरीच राहिली. एल्दाद आला, मुकाट चुलीशी उभा राहिला.

रांग नेहमीसारखी. सगळ्यांत पुढे मसूदा, सोबत नात. नातीची परीक्षा होती. मसूदाने तळहात पुढे केला.

मनाशेने त्या हातावर डबा ठेवला. "आता डब्यात मिळतं, मसूदाबाई. स्वच्छ. घरी न्यायला बरं."

मसूदाने डबा फिरवून बघितला. चिठ्ठीवर बोट ठेवलं. "हा आकडा काय?"

"किंमत. जास्त नाही."

"कशाची?"

"…भाताची."

तिने त्याच्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती बघत होती ते एखाद्याच्या घरी मयत झाल्यावर बघतात तसं. "मनाशे, बरकत कोणी विकत घेतं का रे?" ती म्हणाली. डबा तिने काचेवर ठेवला, अगदी हळू, आत कोणी निजलं असावं तसं. नातीचा हात धरला आणि निघाली.

तिच्या मागच्या बाईने तिचं ऐकलं. तिच्या मागच्याने तिचं. बातमी रांगेतून अशी सरकत गेली, की पोस्टाशी उभ्या माणसाला ती दुकानातल्या माणसाआधी कळली असं म्हणतात. रांग शेपटाकडून विरघळायला लागली.

मनाशे दारात धावला. "अहो थांबा! फुकट! फुकटच घ्या! चिठ्ठी काढतो!" तो नखाने डब्यावरचा हत्ती खरवडायला लागला. "हे बघा, काढली!"

टॅक्सीवाला रस्त्यापलीकडे गेला होता. तो तिथूनच म्हणाला, "नको, मामा. किंमत बसली त्यावर एकदा."

दुपारपर्यंत फुटपाथवर फक्त हत्ती होता, आणि त्याच्या सावलीत एक मांजर. मांजराला मनाशेने घास टाकला. मांजराने तो हुंगला आणि ते अंग चाटायला लागलं.

चारच्या सुमाराला एल्दादने ॲप्रन काढून घडी केली. त्याची बॅग आतच होती. केव्हा भरली, कोणी पाहिलं नव्हतं.

"बस पकडतो, अबा."

"उद्याचा दिवस बघू की रे. लोक विसरतात."

"कबूल केलं होतंस."

"हो. केलं होतं."

एल्दाद काचेपाशी थांबला. एक डबा उचलला. मग खिशात हात घालून त्यावरच्या किमतीपेक्षा मोठी नोट काढली आणि गल्ल्याजवळ ठेवली.

"वेडा झालास का? ने की तसाच!"

"असू दे. एक तरी विकला गेला म्हणशील," एल्दाद म्हणाला. आणि हे तो मराठीत म्हणाला. उच्चार वाकडे, पण मराठीत.

मनाशेला बोलायचं होतं. पण गल्ल्यामागे उभ्या माणसाचे हात त्याच्याआधी चालतात. त्याने नोट आत टाकली, सुटे मोजले आणि मुलाच्या तळहातावर ठेवले. एल्दादने मूठ मिटली, "यल्ला" म्हणाला, आणि गेला.

मनाशेने शटर ओढलं. घरी आला तेव्हा जेमायमा खिडकीशी नव्हती. मेजाशी बसली होती, हात मांडीवर.

"गेला?"

"गेला."

"न जेवता?"

"डबा नेलान् बरोबर."

तिने मान हलवली. मग विचारलं, "गावाला निघालेल्याच्या हातावर घास ठेवायचा असतो. ठेवलात ना?"

मनाशे खुर्चीत बसला. बुटाची नाडी सोडायला वाकला आणि तसाच वाकून राहिला.

"काही दिलं नाही गं मी त्याला," तो म्हणाला.